हाकेच्या अंतरावर

आमच्या गुहागरला सांगत,
रात्री कोणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नये.
एक हाक जाऊ द्यावी, दुसरी जाऊ द्यावी.
तिसऱ्यांदा आली तर ती माणसाची.
बाकीच्यांना तिसरी हाक मारता येत नाही.

मी पहिल्या थरथरीला ओ देते.
हॅलिफॅक्सच्या या चढावरच्या घरात,
जिथे गिरण्यांचा धूर कधीच संपला
तरी दगडांवरची काजळी गेलेली नाही,
उशाशी फोन, फोनवर हात,
आणि वीस बायका, तीन पुरुष, चौऱ्याऐंशी म्हातारे
माझ्या एका नंबरला टांगलेले.
कोण कुणाला अंघोळ घालणार, गोळ्या कोण देणार,
कुणाच्या दाराशी किल्लीची डबी, तिचा आकडा काय,
हे सगळं मला विचारायचं.
हुद्दा : समन्वयक.

क्रेग रात्री अकराला लिहितो, घाई नाही.
निळ्या खुणा उमटल्या की पाच मिनिटं थांबतो
आणि नुसतं प्रश्नचिन्ह पाठवतो.
टेंदाईची गाडी सुरू होत नाही.
एक वाजता तिकडे गुहागरात उजाडतं
आणि मावसभावंडांच्या ग्रुपवर
दव पडलेली गुलाबं येऊ लागतात,
सुप्रभात, सुप्रभात, सुप्रभात.
नाही बघितली तर दुपारी आईचा फोन : बरी आहेस ना?

अंघोळीला जाते तेव्हा तो साबणाच्या जागी असतो.
एकदा दात घासताना, तोंडात फेस धरून,
लंडनमधल्या कुणाच्या तरी मुलाला मी सांगितलंय
की हो, तुमचे वडील जेवले.

मिसेस ॲक्रॉइडच्या गळ्यात लाल बटण आहे.
नव्वदला दोन कमी. दाबलं की थेट मी.
चार वर्षांत तिनं ते एकदाही दाबलं नाही.
फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी
ती फ्रीज आणि टेबलाच्या मध्ये पडली
आणि सकाळी सातला टेंदाई येईपर्यंत
भांडी पुसायचं फडकं अंगावर ओढून
फरशीवर पडून राहिली.
बटण गळ्यात. दोन्ही हात धड.

त्या रात्री मी जागी होते.
गुलाबं बघत होते.
क्रेगला मार्चच्या सुट्ट्यांचा तक्ता पाठवत होते.
तिच्या घरापासून माझं घर चालत सहा मिनिटं,
चढ धरून आठ.

हॉस्पिटलात विचारलं, दाबलं का नाहीत?
म्हणाली, अगं, दोन वाजले होते.
तू झोपली असशील, म्हटलं.

राग आला मला. खूप आला.
मग मी मान खाली घालून
तिच्या पांघरुणाची घडी मोडत बसले,
पुन्हा घालत, पुन्हा मोडत.
इतक्या वर्षांत कुणी मला
झोपलेली धरलं नव्हतं.

आता एप्रिल. ती घरी आलीये, वॉकर घेऊन.
मी तिला समोर बसवून सराव करून घेते. दाबा.
ती दाबते, माझ्या हातात फोन वाजतो.
सॉरी, ती म्हणते.
पुन्हा दाबा.
सॉरी.

मग तीच फोन माझ्या हातातून काढून घेते,
किटलीवरची विणलेली लोकरी टोपी उचलते
आणि त्याच्यावर घालते.
चहा गार होणार, पण तिला चालतंय.
टोपीखाली तो थरथरतो,
खुडूक कोंबडी अंग फुलवते तसा.
एकदा.
ती बिस्किटांचा डबा पुढे सरकवते.
झाकण निघत नाही, मी काढून देते.
दोनदा.

बिस्किट हातात धरून
मी तिसरी हाक येते का ते ऐकते आहे.